टँकरच्या रांगेतला शालू

यंदा पुन्हा टँकर सुरू झाले. मनवेलपाड्यातली आमची गल्ली अरुंद, त्यामुळे टँकर तोंडानं आत शिरत नाही. कोपऱ्यावर वळतो आणि मागं मागं सरकत येतो, टीं टीं टीं करत. तो आवाज ऐकला की चाळभर पिंपं सरकतात, हंडे आपटतात, दारं उघडतात आणि माझ्या छातीत काहीतरी आवळून येतं. डॉक्टर म्हणतात, वय झालं. वय झालं हे खरं, पण हे दुखणं वयाचं नाही. ते मागच्या मे महिन्याचं आहे.

लोकांना ऋतू झाडांवरून कळतात, आम्हाला पिंपांवरून. निळी पिंपं गॅलरीतून उतरून दारापुढं उभी राहिली की उन्हाळा आला. मग उन्हात तापलेल्या रबरी पाइपाचा वास. पाइपातून येणारं पहिलं पाणी कोमट, तोंडात घेतलं तर लोखंडासारखं लागणारं. सांडलेलं पाणी काँक्रीटवर पसरतं, आणि तुम्ही बघेपर्यंत सुकून त्याच्या कडेला पांढरी रेघ उरते. सगळं तसंच आहे यंदाही. फरक एवढाच की रांगेचा कारभार आता माझ्याकडे नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या असं म्हणणार नाही. चुकलं असेल तर चुकलंय.

आमची चाळ दोन मजल्यांची. जमिनीतल्या टाकीला तडा गेला तेव्हापासून टँकरचा पाइप थेट ज्याच्या त्याच्या पिंपात जातो. त्यासाठी रांग, आणि रांग म्हटली की भांडण. ती रांग मी लावायचो. हे काम मला कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. सकाळी सात वाजता दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि लेंगा घालून मी खाली उभा राहायचो. दूध आणायलासुद्धा मी बनियनवर कधी उतरलेलो नाही. बायको होती तेव्हा ती म्हणायची, "तुम्ही मेल्यावर पण सदऱ्याची बटणं लावायला उठाल." ती गेली. सदरा आता मीच इस्त्री करतो.

टँकर सातला येतो म्हणजे बाया नुकत्या उठलेल्या. पिवळे, जांभळे, फुलाफुलांचे गाऊन. या गाऊनची एक गंमत आहे. घरात तो नुसता घालतात आणि उंबरठा ओलांडायचा तर त्यावर ओढणी टाकतात. भाजीच्या गाडीपर्यंत ओढणी, गिरणीपर्यंत ओढणी, पोरांच्या शाळेच्या फाटकापर्यंतसुद्धा ओढणी. ओढणी सापडली नाही तर टॉवेल. खांद्यावर टॉवेल पडला की रात्रीचा कपडा दिवसाचा होतो, असा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. मला तो कधी मान्य नव्हता. झोपायचा कपडा तो झोपायचाच. त्याला टॉवेलचं कुंपण घालून काय होतं?

तरी मी गप्प होतो. मागच्या वर्षी मात्र टँकरवर नवा ड्रायव्हर आला. पाण्याचा नळ सोडायचा आणि चाकाला टेकून बायांकडे बघत राहायचा. एक दिवस मला म्हणाला, "चाचा, रोज फॅशन शो लगता है आपके यहाँ." मी त्याची गचांडी धरली. त्यानं शांतपणे नळ बंद केला. सोळा पिंपं रिकामी होती. माझा हात आपोआप सुटला.

त्या संध्याकाळी मी आमच्या दारापुढच्या गॅलरीत चाळीची मीटिंग घेतली. ड्रायव्हर बदलता येत नव्हता, कारण दुसरा टँकर मिळत नव्हता. म्हणून आम्ही बायांना बदलायचं ठरवलं. आज हे लिहिताना मला स्वतःलाच चमत्कारिक वाटतं. तेव्हा अगदी सरळ वाटलं होतं. रात्रीचे कपडे घालून रांगेत कुणी येऊ नये, आली तर तिला पाणी नाही. पुरुषांनी माना हलवल्या. माझी सून प्रणाली भाजी निवडत दाराशी बसली होती. तिनं विचारलं, "बाबा, वरचे काका उघडे, नुसत्या हाफपँटवर उभे राहतात. त्यांना आहे का हा नियम?"

मी म्हणालो, "पुरुषांचं वेगळं."

"कसं वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं."

ती हसली आणि भाजी निवडायला लागली. तळमजल्यावरची मार्था, तिचं माहेर अर्नाळ्याचं, खालूनच ओरडली, "नाना, मी लग्नाचा पांढरा गाऊन घालून येते मग. तोपण गाऊनच. चालेल ना?" सगळे हसले. मी नाही हसलो. मला वाटलं, हसण्यावारी गेलं की नियम गेला.

तिसऱ्याच दिवशी नियम लावायची वेळ आली. रात्री नात तापली होती. प्रणाली जागीच होती. सकाळी टँकर लागला, महेश म्हणजे माझा मुलगा पहिल्या पाळीला वालीवच्या कारखान्यात गेलेला, म्हणून ती होती तशी हंडा घेऊन धावत खाली आली. निळा गाऊन, केस पिंजारलेले, खांद्यावर ना ओढणी ना टॉवेल. रांगेतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. नाना आता काय करतात?

परक्या बाईला कदाचित मी सोडलं असतं. घरचीला कसं सोडणार? मी म्हणालो, "वर जा. नीट कपडे करून ये."

"बाबा, स्वराला ताप आहे. एवढा एक हंडा..."

"नियम आहे."

तिनं एका हातानं गाऊनची बाजू धरली आणि खाली ओढली. बोटभरसुद्धा लांब होणार नव्हता तो कपडा, तरी ओढली. तो हात मी ओळखला. तरी मी म्हणालो, "वर जा."

तो हात माझ्या आईचा होता.

आमची वाडी तिकडे वसईला, समुद्राच्या अंगाला होती. केळी, पानवेली, थोडा मोगरा. पाण्याला तोटा नव्हता. रहाट फिरायचा आणि पाटातून पाणी असं चमकत धावायचं की मी त्याच्याबरोबर पळत जाऊन वाफ्याच्या तोंडाशी त्याची वाट बघायचो. आई लाल चौकड्यांचं लुगडं नेसायची, गुडघ्याच्या जरा खालीपर्यंत, घट्ट कासोटा मारलेलं. चिखलात उभं राहायचं, बांध फोडायचा, बांध घालायचा. लांब लुगडं नेसून ते कसं होणार? आमच्याकडच्या सगळ्याच बाया तशा नेसायच्या. मला आई तशीच माहीत होती आणि तशीच सुंदर वाटायची.

चौथीत असताना मी पाटी घरी विसरलो. ती द्यायला आई वाडीतून थेट शाळेत आली. पोटऱ्यांवर चिखल होता. मास्तर बाहेरगावचे होते, धोतर कडक, उपरणं कडक. ते वर्गासमोर म्हणाले, "बाई, शाळेत येताना नीट नेसून यावं. हा काय तुमचा केळीचा वाफा आहे?" पोरं हसली. आईनं एका हातानं लुगड्याचा काठ धरून खाली ओढला. मग पाटी उंबरठ्यावर ठेवली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही. बापानं मारलं, तरी गेलो नाही. आणि मी मनाशी ठरवलं की कपड्यावरून मला कुणी कधी बोलणार नाही. वालीवच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पत्रा कापला, पण फाटकातून आत जाताना आणि बाहेर पडताना अंगावर इस्त्रीचा सदरा असायचा. नवे शेठ मला पहिल्या दिवशी क्लार्क समजले होते. ती गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! माझ्यावर कुणी कपड्यावरून शिक्का मारू नये म्हणून मी जन्मभर दुसऱ्यांवर तोच शिक्का मारत आलो, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं.

प्रणाली वर गेली ती पाणी न घेता. तापाच्या पट्ट्यांना पाणी मार्थानं दिलं. त्या दिवसापासून सून माझ्याशी बोलायची बंद झाली.

भांडणारी सून परवडली. ही जेवण वेळेवर वाढायची, गोळी ताटाशेजारी ठेवायची, चहा द्यायची, पण कप ठेवल्याचा आवाजसुद्धा होऊ द्यायची नाही. एका खोलीच्या आणि एका स्वयंपाकघराच्या जागेत माणूस अबोला धरून कुठं जाणार? तरी ती मला दिसेनाशी झाली होती. पंख्याचा खडखडाट तेवढा ऐकू यायचा. महिना मेचा, गॅलरीवरचा पत्रा तापलेला, आणि घरात ही अशी गार शांतता.

मग एकदा महेश फोनवर बोलताना ऐकलं. नायगावला भाड्याची खोली बघितली होती. स्वराची शाळा सुरू व्हायच्या आत जायचं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. बायको गेल्यापासून त्या पोरीचा दंगा हेच माझं घड्याळ होतं. ते निघून गेले की या घरात मी आणि एक पिंप.

महेश म्हणाला, "बाबा, एक शब्द बोला तिच्याशी."

"कसला शब्द?"

"सॉरी म्हणा."

"मी?"

"मग कोण, टँकरवाला?"

मी सदऱ्याला इस्त्री करत राहिलो. नियम तोडणारी ती, आणि माफी मी मागायची? जीभच उचलेना. वाकायचं नसेल तर घर जाणार, हे मला दिसत होतं. तरी मान ताठच.

विहीणबाई कामणहून आल्या. भातशेतीत राबलेली बाई, बोलण्यात आडपडदा नाही. मला वाटलं, पोरीची बाजू घेऊन भांडतील. त्या चहा बशीत ओतून सावकाश प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाना, आमच्याकडं पान्याला जाताना बाय काय नेसली ते कोन बगत नाय. हंडा भरला का ते बगतात."

"चाळ आहे ही, विहीणबाई. चार लोक बघतात."

"मंग त्या चार लोकांना भरायला लावा पानी."

मी त्यांची रिकामी कपबशी उचलून मोरीत ठेवली.

आता शालूचं सांगतो. अबोला सुरू झाल्यावर पुढच्याच टँकरला प्रणाली खाली उतरली ती लग्नाच्या शालूत. जांभळट लाल, अंगभर जरी. नाकात नथ, हातात हिरवा चुडा, अंबाडा घातलेला, आणि कडेवर स्टीलचा हंडा. जिन्यावरून ती आली तेव्हा पाइपाच्या पाण्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला. ती रांगेत जाऊन उभी राहिली, समोर बघत. मी काय बोलणार? कपडे नीट होते. इतके नीट कपडे त्या गल्लीनं कधी पाहिले नसतील.

मार्था म्हणाली, "अगो बाय, वरात कुठं चाललीय?"

"पाण्याला," प्रणाली म्हणाली.

हसू फुटलं सगळ्यांना. ड्रायव्हरसुद्धा हसला. मी पाइप धरून उभा होतो. तो शालू मीच पसंत केला होता. दुकानात पाच तास बसून, दहा वेळा परत घडी घालायला लावून. हिला तो खुलेल म्हणून. आता त्याचा काठ चिखलपाण्यातून फरफटत होता.

त्यानंतर प्रत्येक टँकरला ती तशीच आली. शालू दोरीवर वाळत पडायचा आणि पुन्हा अंगावर चढायचा. शालूवरची जरी काळी पडायला लागली. काठाला चुन्यासारखी पांढरी रेघ आली. दर वेळी मला वाटायचं, आज म्हणावं, बाई, पुरे. आणि दर वेळी ती माझ्यासमोरून अशी जायची की जणू मी दिव्याचा खांब आहे.

अबोल्याच्या एकोणिसाव्या दिवशी टँकर उशिरा आला. ड्रायव्हर घाईत होता. शेवटच्या पिंपापर्यंत पाइप पोचेना, म्हणून त्यानं टँकर अजून मागं घ्यायचं ठरवलं. प्रणाली मागच्या चाकाजवळ वाकून भरलेला हंडा उचलत होती. पदर पाण्यानं जड होऊन मागं लोळत होता. टीं टीं सुरू झालं. मी पाहिलं, चाक पदरावर चढलं.

ती एकदम मागं खेचली गेली. हंडा कलंडला. तिला आधी कळलंच नाही. तिनं खांदा सोडवायला हिसका दिला, पण पदराला तीन पिना होत्या. शालूचं कापड मजबूत, ते फाटत नव्हतं. मीच बघून घेतलं होतं ना! चाक आणखी फिरलं. ती गुडघ्यावर पडली, पाठ चाकाकडे. बाया किंचाळल्या, पण केबिनमध्ये गाणी लागलेली, ड्रायव्हरला ऐकू जाईना. कुणीतरी टँकरच्या पत्र्यावर हंडा बडवायला लागलं. टीं टीं चालूच.

मी कसा पोचलो ते आठवत नाही. खांद्याच्या पिना ओढल्या. एक माझ्या अंगठ्यात गेली ती घरी आल्यावर कळलं. पदर सुटला तरी कमरेशी शालू आवळलेलाच होता आणि चाक तो गुंडाळत होतं. मग मी निऱ्यांना हात घातला. सासऱ्यानं सुनेच्या निऱ्यांना, भर गल्लीत, सगळ्या चाळीसमोर. दोन्ही हातांनी खेचल्या. ती गरकन फिरली आणि माझ्या अंगावर येऊन आदळली. आम्ही दोघंही ओल्या काँक्रीटवर पडलो. चाक अजून हातभर मागं आलं आणि थांबलं. शालू त्याला असा लपेटला होता की ओळखू येईना.

ती परकर-पोलक्यात बसली होती. कोपर सोललेलं, दात वाजत होते. मी उठलो. बघतो तो वरचे काका, कोपऱ्यावरचा पानवाला, दरवाजा उघडून उतरलेला ड्रायव्हर, सगळे बघत होते. मी तिच्याकडे पाठ केली आणि त्यांच्याकडे तोंड. "माना फिरवा!" मी ओरडलो. "फिरवा म्हणतो ना! काका, तुम्हीसुद्धा. ए ड्रायव्हर, भिंतीकडे बघ." आवाज माझाच होता, पण तो इतक्या वर्षांत पुरुषांवर मी पहिल्यांदाच चढवत होतो. माना फिरल्या. इतकं सोपं होतं ते! सगळे जण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शिक्षा केलेल्या पोरांसारखे, आणि माझ्या पाठीमागे बाया प्रणालीला घेऊन जिना चढल्या.

संध्याकाळी ती पट्टी बांधून भाकऱ्या थापत होती. माझा अंगठा सुजला होता. महेश घरी होता, स्वरा माझ्या मांडीवर. मी दिवसभर वाक्यं जुळवत होतो. माफीचं वाक्य काही जुळलं नाही. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "प्रणाली, उद्यापासून तू गाऊनवरच ये पाण्याला. मी खाली उभा असतो. बघतो कोण काय बोलतं ते."

तिनं भाकरी उलटली. तव्यावरून हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं, एकोणीस दिवसांत पहिल्यांदा. "बाबा, उद्या मी काय घालायचं ते मी ठरवीन. नको म्हणणारे तुम्ही कोण आणि घाल म्हणणारे तरी तुम्ही कोण?"

महेश म्हणाला, "अगं..."

"तू थांब," ती म्हणाली.

राग आला मला. खरंच आला. माणूस एवढा वाकला आणि वर हे. मी खाली बसलो. मग थोड्या वेळानं मला ऐकू आलं की घरात आवाज परत आलाय. भाकरी थापल्याचा, ताट आपटल्याचा. मी विचारलं, "आणि ती नायगावची खोली?"

"तेपण मीच ठरवीन."

दुसऱ्या सकाळी ती निळ्या गाऊनवर उतरली, ओढणीशिवाय. मी सदरा घातला, इस्त्रीचा. ते सुटणार नाही. घरातला दुसरा हंडा उचलला आणि तिच्यामागं खाली गेलो. इतकी वर्षं मी रांग लावली होती, रांगेत कधी उभा राहिलो नव्हतो. मार्था म्हणाली, "नाना, पुढं या ना, पाइप कोण धरणार?"

"धरेल कुणीपण," मी म्हणालो. "माझा नंबर सुनेच्या मागं आहे."

प्रणालीनं वळून पाहिलं नाही. पण रांग सरकली तेव्हा तिनं माझा रिकामा हंडा पायानं थोडा पुढं ढकलला.

गाऊन मला आजही आवडत नाही. हे लिहूनही आवडायला लागलेला नाही. पण आवडत नाही हे मी आता माझ्यापाशी ठेवतो. आईच्या वेळी मास्तरांनी ते स्वतःपाशी ठेवलं असतं तर मी कदाचित सातवीपर्यंत गेलो असतो.

नायगावची ती खोली पावसाच्या तोंडावर दुसऱ्या कुणीतरी घेतली, असं महेश म्हणाला. त्यानंतर त्यांनी दुसरी खोली बघितली का, बघत आहेत का, मला माहीत नाही. तिनं काही सांगितलेलं नाही. रात्री कधीकधी ओठावर येतं, विचारावं. मग मी कूस बदलतो. ती ठरवील तेव्हा सांगेल.